हिवाळ्यातली वेव्ह, हजार किलोमीटर आणि माझ्या भाचीचा प्रश्न

माळवी_गरुड, इंदूर | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी,

आपल्याकडे ग्लायडिंग म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती मे महिन्याची दुपार. तापलेली काळी जमीन, वर गोल फिरणाऱ्या घारी आणि त्यांच्या मागोमाग थर्मल, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेचा झोत, शोधणारं ग्लायडर. एनसीसीच्या एअर विंगमध्ये मी शिकलो ते एवढंच. पण गेली काही वर्षं जे वाचतोय त्यानं झोप उडालीय. आल्प्समध्ये, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या आडोशाला, स्कॉटलंडमध्ये भर थंडीत माणसं इंजिनाशिवाय पाच-पाचशे, हजार-हजार किलोमीटर जातात. थर्मलचा पत्ता नसताना! डोंगरावरून वारा पलीकडे उतरतो, तिथे हवेत लाटा उठतात (हीच ती ‘वेव्ह’) आणि त्या लाटांच्या चढत्या बाजूला ग्लायडर तासन्‌तास राहतं.

माझं ठाम मत आहे की माणसानं हवेत केलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वात सुंदर आहे.

भाची नुकतीच बारावी झाली, तिला ग्लायडिंग शिकायचंय. काल म्हणाली, “मामा, वाराच उचलतो, वाराच टिकवतो. मग पायलटनं केलं काय?” मी बरंच बोललो, पण तिचं समाधान झालं नाही. म्हणून इथे विचारतो. एवढा पल्ला कापण्यात पायलटचं किती आणि वाऱ्याचं किती? आणि इंदूरसारख्या ठिकाणाहून कुणाला तिथवर पोचायचं असेल तर सुरुवात कुठून?

---

नर्मदाकाठ | शनिवार, रात्री १०.०५

वाचतोय. पण आधी मुळातून सांगा ना कुणीतरी. डोंगरावर आपटून वारा वर जातो हे समजलं. पण मग तो *पलीकडे* का उचलतो?

---

राजवाडा_चौक | शनिवार, रात्री १०.११

भिया, हजार किलोमीटर म्हणजे आठ-नऊ तास सीटवर. मधे पोह्यांची सोय काय? ;)

---

ढगवेडी | शनिवार, रात्री ११.३०

@नर्मदाकाठ, तुमच्याच गावचं उदाहरण देते. महेश्वरजवळ सहस्रधारेला नर्मदा खडकांवरून जाते तेव्हा पाणी खडकाच्या पुढे खाली जातं, मग वर उसळतं, पुन्हा खाली, पुन्हा वर. पाणी पळतंय, पण ती उसळी जागच्या जागी दिसते. डोंगराआडच्या हवेचं तेच होतं.

आता “का” ते सांगते. हिवाळ्यात हवा स्थिर असते, म्हणजे एखादा थर जबरदस्तीनं वर ढकलला तर तो आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड आणि जड होतो आणि परत खाली येऊ पाहतो. डोंगरानं तो वर ढकलला, पलीकडे तो खाली आला, वेगात आल्यामुळे जास्तच खाली गेला, मग तिथून पुन्हा वर. असं झुलत झुलत तो कित्येक किलोमीटर पुढे जातो. एका लाटेपासून दुसऱ्या लाटेचं अंतर साधारण ५ ते २० किलोमीटर.

त्याला काही अटी आहेत. वारा डोंगररांगेला जवळपास काटकोनात हवा, फार तर तीसेक अंश इकडे-तिकडे. माथ्याच्या उंचीवर तो निदान २० नॉट्स (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) तरी हवा आणि वर जाताना वाढत जायला हवा. माथ्याच्या आसपास स्थिर हवेचा थर हवा. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, हिवाळ्यात जोरात असते आणि जमीन तापत नसल्यानं थर्मल या रचनेची मोडतोड करत नाहीत, म्हणून समशीतोष्ण देशांत हा मोसम वेव्हचा.

हे फार जुनं ज्ञान नाही बरं. १९३३ मध्ये वोल्फ हिर्थ हा जर्मन वैमानिक रीझेनगेबिर्ग डोंगरांच्या आडोशाला या लाटेत चढला, योआखिम क्युटनर यानं तिचा शास्त्रीय अभ्यास केला आणि १९५१-५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बिशप गावातून ‘सिएरा वेव्ह प्रोजेक्ट’ चालला, त्यातही क्युटनर होताच. एका माणसानं ढगाकडे पाहून प्रश्न विचारला आणि आयुष्य त्यातच घालवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

---

घारीमागे | रविवार, सकाळी ७.५०

गरुडभाऊ, विषय उत्तम, पण तुमच्या मताला माझा विरोध नोंदवा. मी पॅराग्लायडिंग करतो, हिमाचलातल्या बीर-बिलिंगला नियमित जातो. थर्मलमध्ये उडणारा माणूस दर पंधरा-वीस मिनिटांनी नवा निर्णय घेतो. हा थर्मल सोडू का? पुढचा ढग मरतोय का? खाली उतरायला शेत आहे का? वेव्हमध्ये एकदा पट्टा सापडला की नाक सरळ धरून बसायचं. तुमच्या भाचीचं निम्मं तरी बरोबर आहे.

शिवाय ज्या विक्रमांचं नाव घेतात ते हिवाळ्यातले कुठे आहेत? क्लाउस ओलमाननं ३,००९ किलोमीटर केले ते २१ जानेवारी २००३ रोजी, अर्जेंटिनात. तिथला जानेवारी म्हणजे भर उन्हाळा!

---

ढगवेडी | रविवार, सकाळी ८.४०

@घारीमागे, तारीख बरोबर, पण त्यातूनच मुद्दा उलगडतो. पातागोनियात पश्चिमेचा वारा उन्हाळ्यातही अँडीजवर जोरात आदळतो आणि दिवस जवळजवळ पंधरा तासांचा असतो. लांब पल्ल्याला उजेड लागतो, म्हणून ते उन्हाळ्यात उडतात. उंचीच्या विक्रमासाठी तिथेच लोक हिवाळ्याच्या अखेरीस जातात, कारण तेव्हा ध्रुवाभोवतीचा वरच्या थरातला वारा खालच्या लाटेला हात देतो आणि लाट थेट स्थितांबरात चढते. २ सप्टेंबर २०१८ रोजी पर्लान-२ हे ग्लायडर जिम पेन आणि टिम गार्डनर यांनी एल कालाफातेहून २२ किलोमीटरच्या वर नेलं ते असंच. इंजिन नाही, पंखांखाली फक्त लाट.

उत्तर गोलार्धात पल्ल्यासाठी हिवाळा निवडणं म्हणजे उलटा सौदा. वारा भरपूर, दिवस तोकडा. दक्षिण फ्रान्सच्या आल्प्समध्ये डिसेंबर अखेरीला दिवस जेमतेम नऊ तासांचा. त्यात हजार किलोमीटर बसवायचे तर पहाटेच्या अंधुक उजेडात टो घ्यायचा (म्हणजे विमानाच्या मागे दोरावर वर जायचं) आणि मावळेपर्यंत ताशी १२० ची सरासरी सोडायची नाही. एक तास चुकीच्या ठिकाणी घालवला की गणित संपलं.

---

ग्रनोबलची_इंदुरी | रविवार, दुपारी २.१५

माहेर लोकमान्य नगर, सध्या मुक्काम फ्रान्स. हा धागा पाहून राहवलं नाही. मी स्वतः अजून शिकतेय, पण इथल्या एका अनुभवी प्रशिक्षकांबरोबर दोन सीटच्या ग्लायडरमधून जानेवारीत वेव्हमध्ये गेले आहे, ते सांगते. “नाक सरळ धरून बसायचं” हे वाचल्यावर तर सांगायलाच हवं.

सुरुवात रोटरपासून होते. लाटेच्या शिखराखाली हवा घुसळत असते आणि तिच्यातूनच टो विमानाच्या मागे दोरावर वर जावं लागतं. पुढचं विमान एका क्षणी आमच्या डोक्यावर, दुसऱ्या क्षणी पायाखाली. दोर सैल पडतो, मग खाडकन ताणतो. पट्टे कितीही आवळले तरी माणूस सीटवरून उचलला जातो. मी डोळे मिटून घेतले होते. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, “डोळे उघड, व्हेरिओ बघ.” (व्हेरिओ म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा काटा.) आणि पुढच्या मिनिटाला सगळं थांबलं. थरथर नाही, आवाज नाही. काटा वर ४ मीटर प्रतिसेकंद दाखवतोय आणि ग्लायडर हलतसुद्धा नाही. लूर डोंगर खाली खाली जात होता एवढंच. मला रडू आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

मग आम्ही ईशान्येला निघालो. वारा वायव्येचा, ताशी ऐंशीच्या आसपास, म्हणून नाक डावीकडे वाऱ्यात वळवून तिरकं उडायचं. ज्या दिशेला जातोय त्या दिशेला नाक नसतंच. पट्टा डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फार तर एखादा भिंगाच्या आकाराचा ढग, ज्याची पुढची कड धारदार आणि जागेवर स्थिर. त्या कडेच्या किंचित पुढे, वाऱ्याच्या बाजूला राहायचं. पाचशे मीटर मागे राहिलात तर तेवढ्याच जोरानं खाली. प्रशिक्षक दर दोन मिनिटांनी काहीतरी बारीक बदल करत होते. कुठे दरी आली की डोंगराची रांग तुटते आणि लाटही तुटते. तिथे उडी मारायची की थांबून आणखी उंची घ्यायची, हा प्रश्न दर वेळी नव्यानं.

थंडी! सहा हजार मीटरवर बाहेर उणे पंचवीसच्या आसपास. ऊन डोक्यावर, पण पाय कॉकपिटच्या नाकात सावलीत. बुटात बॅटरीवर तापणारे तळवे घातले होते तरी बोटं जाणवतच नव्हती. श्वासाची वाफ कॅनोपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, आतून गोठते, खरवडत बसावं लागतं. आणि @राजवाडा_चौक, सँडविच दगड होतं. सुकामेवा आणि थर्मासमधला गरम चहा, बस. जास्त पाणी प्यायचं तर विसर्जनाची व्यवस्था आधी करावी लागते आणि तीन थर कपड्यांत ती सोपी नाही. बायकांना तर फारच अवघड. पण पाणी टाळणाऱ्यांना डोकेदुखी आणि मंदपणा येतो, म्हणून तेही चालत नाही.

---

राजवाडा_चौक | रविवार, दुपारी २.३२

ताई, दंडवत. पोह्यांचा प्रस्ताव मागे घेतो. लोकमान्य नगरला आलात की आमच्याकडून गरम जिलेबी.

---

डॉक्टरकाकू | रविवार, सायंकाळी ५.२०

मंदपणाचा विषय निघाला म्हणून लिहिते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. ऑक्सिजन नसेल तर धाप लागते, गुदमरतं असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. होतं काय, तर छान वाटायला लागतं. निर्णय चुकतात आणि चुकताहेत हे कळत नाही. पंचवीस हजार फुटांवर ऑक्सिजन तुटला तर शहाणपणानं काही करायला तीन ते पाच मिनिटं मिळतात. म्हणून तब्येत कशी वाटते यावर अजिबात विसंबू नये. नळी, दाब, प्रवाह ठरावीक वेळानं डोळ्यांनी तपासायचे. बोटाला ऑक्सिमीटर लावतात, पण थंडीनं आखडलेल्या बोटावर तो धड आकडा देत नाही हेही लक्षात असू द्या.

पॉल बिकल १९६१ च्या फेब्रुवारीत सिएरा वेव्हमध्ये ४६,२६७ फुटांवर गेले तेव्हा त्यांच्या कॉकपिटमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. विक्रम पंचवीस वर्षं टिकला. डॉक्टर म्हणून मला त्या उंचीची भीतीच वाटते. भाचीला सांगा, कौतुक कर पण अनुकरण नको.

---

कॅप्टन_निवृत्त | रविवार, रात्री ९.१०

तीस वर्षांहून अधिक काळ प्रवासी विमानं चालवली. आमच्यासाठी माउंटन वेव्ह म्हणजे टाळायची गोष्ट. हवामानाच्या धोक्याच्या सूचनांमध्ये तिचा वेगळा उल्लेख असतो. लेहची उड्डाणं सकाळी लवकर ठेवतात त्यामागेही दुपारी दऱ्यांत उठणारा वारा हे मोठं कारण.

रोटरला कुणी कमी लेखू नये. १० जानेवारी १९६४ रोजी कोलोरॅडोतल्या डोंगरांजवळ एका बी-५२ बॉम्बरचा उभा शेपटीचा पंख जवळजवळ पूर्ण तुटला. वैमानिकांनी ते तसंच उडवत नेऊन उतरवलं, ही त्यांची कमाल. १९५५ मध्ये सिएरात लॅरी एडगर यांचं ग्लायडर रोटरमध्ये हवेतच फुटलं. ते पॅराशूटनं वाचले.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना माहीत नसते. उंचीवर हवा विरळ, म्हणून वेगाचा काटा खरा वेग दाखवत नाही. सहा हजार मीटरवर काटा १५० दाखवतो तेव्हा ग्लायडर प्रत्यक्षात ताशी २०० च्या वर धावत असतं. पल्ला इतका पटकन कापला जातो त्याचं एक कारण हे. पण पंखांना फडफड सुटण्याचा धोका बराचसा खऱ्या वेगावर अवलंबून, त्यामुळे वर जाल तशी काट्यावरची लाल रेघ, म्हणजे कमाल वेगाची मर्यादा, खाली आणायची असते. त्याचा तक्ता कॉकपिटमध्ये डोळ्यांसमोर चिकटवलेला असतो. उत्साहाच्या भरात तो न पाहणारा माणूस मला शिष्य म्हणून नको.

---

नर्मदाकाठ | रविवार, रात्री ९.४५

मग आपल्या विंध्यात काही जमेल का? जानापाव आहे, घाट उतरून खाली निमाड आहे. उत्तरेचा गार वारा थंडीत सुटतोच की.

---

घारीमागे | रविवार, रात्री ९.५८

जानापाव ८५४ मीटर. पायथ्यापासून पाहाल तर उंची थोडीच. सायंकाळी कड्यावर वारा मिळाला तर थोडं तरंगता येईल, त्यापुढे नाही.

अवांतर: जानापावला जाताना महूत थांबून चहा घ्या.

---

ढगवेडी | रविवार, रात्री १०.४०

उंचीपेक्षाही दिशा आडवी येते. विंध्याची रांग ढोबळमानानं पूर्व-पश्चिम आणि हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा. म्हणजे तो रांगेच्या कडेनं वाहतो, तिला ओलांडत नाही. उत्तरेचा गार वारा जमिनीलगतचा, उथळ. सह्याद्रीचं उलट. पावसाळ्यात वारा घाटाला नेमका आडवा येतो आणि हवामान खात्यातल्या आर. पी. सरकार यांनी १९६० च्या दशकात त्या चढत्या हवेचं गणितही मांडलं. पण तेव्हा माथे ढगात बुडालेले असतात, उडणार कुठे?

हिमालय मात्र खरा. काश्मीर-हिमाचलात रांगा वायव्येकडून आग्नेयेला जातात आणि वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारे हिवाळी पावसाळी झंझावात) येताना वारा नैर्ऋत्येचा होतो, म्हणजे थेट आडवा. पूर्वेकडे नेपाळात जेट स्ट्रीम हिवाळ्यात डोक्यावर असते. क्लाउस ओलमान २०१४ मध्ये स्टेमे मोटरग्लायडर घेऊन तिथे गेले आणि एव्हरेस्टच्या परिसरात उडाले. विमानावर जर्मन एरोस्पेस सेंटरचा कॅमेरा होता, त्यानं डोंगरांचे त्रिमितीय नकाशे केले. आपल्या बाजूला सीमेजवळचं आकाश लष्कराच्या कामाचं, शिवाय उतरायला सपाट जमीन नाही. दरीत शिरून लाट हरवली तर पर्याय उरत नाही. इच्छा खूप आहे, पण तिथे नवशिक्यानं जाऊ नये असं मी स्पष्ट म्हणेन.

---

घारीमागे | सोमवार, सकाळी ७.३०

इंदुरी ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. “नाक सरळ” हे माझं वाक्य मागे ठेवा, पण मूळ मुद्दा सोडत नाही. थर्मलमध्ये निर्णयांची *संख्या* जास्त.

---

ग्रनोबलची_इंदुरी | सोमवार, दुपारी १.०५

@घारीमागे दादा, संख्या जास्त हे मान्य. वेव्हमध्ये निर्णय कमी पण प्रत्येक महाग. थर्मल चुकला तर जवळच्या शेतात उतरता. आमचं त्या दिवशी काय झालं ते राहिलंच सांगायचं.

सेर-पोंसों तलाव मागे टाकून आम्ही ब्रियाँसोंकडे निघालो होतो. उंची भरपूर, वेग भरपूर, लाट अखंड. पुढच्या पट्ट्यावर जायला वाऱ्याच्या तोंडावर उडी मारायची होती. अशा उडीत आधी लाटेच्या उतरत्या बाजूतून जावं लागतं, समोरून वारा, खाली खेचणारी हवा, हजार-बाराशे मीटर सहज जातात. प्रशिक्षकांनी खाली पाहिलं. ढगांमधली जी मोकळी फट आम्हाला जमीन दाखवत होती ती अरुंद होत होती. वारा ओलावा आणत होता. मला तर सगळं स्वच्छ दिसत होतं, वर निळं आकाश, खाली पांढरा गालिचा. पण खालची फट मिटली की ग्लायडर ढगांवर अडकतं आणि ढगात डोंगर असतात. त्यांनी काही न बोलता वळवलं. चाळीस मिनिटांनी आम्ही मैदानावर होतो आणि तासाभरात आकाश भरून आलं. त्या दिवशी आमच्या नावावर कुठलाही पल्ला नाही.

गरुडकाका, तुमच्या भाचीला हे सांगा. पायलटनं काय केलं, तर वळवलं.

---

कॅप्टन_निवृत्त | सोमवार, दुपारी ३.४०

+१. याहून चांगलं उत्तर या धाग्यावर येणार नाही.

---

हडपसर_विंच | सोमवार, रात्री ८.२५

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. मी बडोद्याचा, पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला शिकलो. ते डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं. विंचनं दोर ओढून तीनेकशे मीटर उंची, मग पाच-सात मिनिटांचं सर्किट, म्हणजे मैदानाभोवती एक फेरी मारून उतरणं. आमच्या वेळी रोहिणी होतं, १९६१ चं भारतीय डिझाइन, लाकडी, शेजारी-शेजारी दोन सीट. गोरापान पंख, आणि प्रशिक्षक बाजूलाच बसलेले, त्यामुळे पायाची चूक लगेच पकडली जायची. सध्या तिथे प्रवेश चालू आहेत का, वय आणि मेडिकलचे नियम काय, हे फोन करून आणि डीजीसीएच्या साइटवर पाहूनच ठरवा, ऐकीव माहितीवर नको.

पहिली पायरी म्हणून छोटी सर्किटं कंटाळवाणी वाटतात, पण लँडिंग आणि वेगावरचं नियंत्रण तिथेच पक्कं होतं. पुढे मे महिन्यात थर्मल. माळव्यात, विदर्भात उन्हाळी थर्मल तीन किलोमीटरच्या वर जातात, शिकायला याहून चांगलं आकाश नाही. एफएआय या हवाई खेळांच्या जागतिक संघटनेचा सिल्व्हर बॅज हे ध्येय ठेवा: पाच तास हवेत, ५० किलोमीटर पल्ला, १००० मीटर उंची कमावणं. तो झाला की मग परदेशी क्लबात वेव्ह शिबिराला जाण्यात अर्थ आहे. त्यापुढच्या डायमंड बॅजच्या उंचीला ५००० मीटर कमवावे लागतात, ते बहुतेकांना वेव्हमध्येच मिळतात.

---

ग्रनोबलची_इंदुरी | सोमवार, रात्री ११.००

सँ-तोबाँला फ्रान्सचं राष्ट्रीय ग्लायडिंग केंद्र आहे. शिवाय बहुतेक क्लब पाहुण्यांना प्रशिक्षकाबरोबर उडू देतात. थोडी फ्रेंच आली तर रेडिओवर फार सोपं जातं, भाचीनं आतापासून सुरू करावी. राहण्याची चिंता करू नका, मी आहे.

---

माळवी_गरुड, इंदूर | मंगळवार, सकाळी ९.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीनं पूर्ण धागा वाचला. पायलटनं वळवलं, यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं कॅप्टनसाहेबांसाठी एक प्रश्न दिलाय: उंचीप्रमाणे लाल रेघ खाली आणायचा तक्ता प्रत्येक ग्लायडरचा वेगळा असतो का, आणि तो कसा काढतात? तिचं भौतिकशास्त्र चांगलं आहे, गणितासकट सांगितलंत तरी चालेल. हडपसरला आज फोन करतोय.

---

कॅप्टन_निवृत्त | मंगळवार, सकाळी १०.१५

वेगळा असतो आणि उत्पादक तो चाचण्यांवरून देतो, त्या ग्लायडरच्या फ्लाइट मॅन्युअलमध्ये असतो. गणित घनतेच्या वर्गमुळाचं आहे. सहा हजार मीटरवर घनता जमिनीलगतच्या सुमारे ५४ टक्के, वर्गमूळ ०.७३. आता १५० भागिले ०.७३ तिनं स्वतः करावं आणि उत्तर इथे लिहावं. पुढचा धडा त्यानंतर.